अनेक हातांची पोथी

ग्रंथ म्हटला म्हणजे त्याला एक कर्ता असावा, त्याचे नाव मुखपृष्ठावर असावे, आणि एकदा छापून झाल्यावर त्यातील अक्षर न अक्षर स्थिर राहावे, ही कल्पना आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे की, ह्याहून निराळा काही प्रकार संभवतो असे आपल्यास वाटतच नाही. वस्तुतः ही कल्पना फार जुनी नव्हे. छापखाना आला, प्रकाशक आला, हक्काचा कायदा आला, आणि ग्रंथ शेतासारखा झाला. त्याला बांध पडले, सातबारा निघाला, आणि मालकाच्या परवानगीवाचून आत पाऊल टाकणे गुन्हा ठरला. त्यापूर्वीच्या पोथ्या गावविहिरीसारख्या असत. ज्याला तहान लागली त्याने पाणी काढावे, आणि ज्याच्या अंगी बळ असेल त्याने वर्षातून एकदा गाळही काढावा. ह्या दोन प्रकारांपैकी विद्येला मानवणारा प्रकार कोणता, हा प्रश्न अलीकडे आम्हांस वारंवार पडतो. तो पडण्याचे कारण 'विकी' ह्या नावाने ओळखली जाणारी लेखनाची नवी पद्धती हे होय.

हा शब्द इंग्रजी नव्हे. हवाई बेटांवरील भाषेत 'विकी विकी' म्हणजे लवकर लवकर. होनोलुलूच्या विमानतळावर उतारूंची ने-आण करणाऱ्या बसगाडीस ते नाव होते. तेच वॉर्ड कनिंगहॅम नामक अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली, वाचणाऱ्यालाच दुरुस्ती करू देणाऱ्या आपल्या नव्या पानांस दिले. पुढे १५ जानेवारी २००१ रोजी ह्याच पद्धतीवर विकिपीडिया निघाला, आणि १ मे २००३ ह्या महाराष्ट्रदिनी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. आज त्यातील लेखांची संख्या एक लाखाच्या घरात आहे. इतके असूनही आमच्या बरोबरीच्या प्राध्यापकमंडळींत विकीचे नाव निघाले की ओठ मुडपले जातात. "तेथे कोणीही येतो आणि काहीही लिहितो," हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, ते म्हणणाऱ्याने विकीचे एखादे पान शेवटपर्यंत पाहिले आहे की नाही, अशी शंका येऊ लागते.

कारण तसे पाहिले असते, तर पानाच्या माथ्यावर 'इतिहास' असा एक शब्द लिहिलेला त्यांच्या दृष्टीस पडला असता. त्यावर बोट ठेवले की ते पान जन्मास आल्यापासून त्यात कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला, कोणत्या नावाने काय घातले गेले आणि काय काढले गेले, ह्याची जंत्री पुढे येते. शेजारीच 'चर्चा' म्हणून दुसरे पान असते. मूळ मजकूर तसा का ठेवला, कोणाचा त्यास विरोध होता, पुरावा कोणी मागितला आणि कोणी दिला, हे तेथे वाचावयास मिळते. आता, आपल्या छापील ग्रंथांत हे कोठे असते? पहिल्या आवृत्तीतील एखादे विधान दुसरीत गळाले, तर ते का गळाले हे वाचकास कळण्याची सोय नाही. विद्वानांतील वाद पडद्याआड होतात आणि वाचकापुढे येतो तो केवळ निकाल. विकीत निकालाबरोबर खटल्याचे सर्व कागदही चव्हाट्यावर असतात. ज्याला विद्वत्ता म्हणतात ती ह्या कागदांतच असते असे आमचे मत आहे.

ही रीत मराठीस परकी आहे असेही कोणी समजू नये. आमच्या वर्ध्याच्या वायव्येस अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे तेच हे गाव. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरस्वामींच्या मागे, म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा करावयास घेतल्या. ज्याने जी लीळा पाहिली किंवा ऐकली, त्याच्याकडे जाऊन ती त्याच्याच तोंडून ऐकावी, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यावी, असा त्याचा परिपाठ होता. 'लीळाचरित्र' म्हणजे आपल्या भाषेतील पहिला मोठा गद्यग्रंथ. तो एका माणसाच्या लेखणीचा असला तरी अनेकांच्या स्मरणाचा आहे. त्याची मूळ प्रत आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली आणि पुढे निरनिराळ्या शिष्यांनी तो पुन्हा आठवून लिहिला, असे महानुभावांची परंपरा सांगते. त्यामुळे पाठ अनेक झाले. परंतु ह्या मंडळींचा विशेष असा की, त्यांनी भिन्न पाठ पुसून टाकले नाहीत. अमुक ठिकाणी अमुकाचे सांगणे वेगळे आहे, असे त्यांनी पोथीतच नोंदविले. अशा पाठभेदास ते 'वासना' म्हणत. एकाच प्रसंगाच्या दोन हकीगती शेजारीशेजारी ठेवून वाचकावर विश्वास टाकण्याचे हे धैर्य सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडच्या भूमीवर दिसून आले, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो.

पुढची गोष्ट मात्र तितकी सुखाची नाही. आपल्या पोथ्यांस अपाय पोचू नये म्हणून ह्याच पंथाने त्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविल्या. हेतू रक्षणाचा होता, आणि रक्षण झालेही. परंतु त्याची किंमत अशी पडली की, मराठीचे हे आद्य गद्य कित्येक शतके मराठी माणसासच अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृती संशोधकांचे लक्ष तिकडे गेले, कुलपे निघू लागली, आणि नागपूरच्या हरि नारायण नेने ह्यांनी १९३६ च्या सुमारास 'लीळाचरित्र' छापून लोकांपुढे ठेवण्यास आरंभ केला. अनेक हातांनी रचलेली पोथी कुलपात गेली की काय होते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांचे. रायपुरास जन्मलेला, अमरावतीस शिकलेला आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेला हा पुरुष १९१६ साली नागपुरास ज्ञानकोशाची मंडळी उभी करतो, भाग विकतो, वर्गणीदार जमवितो, लेखक घडवितो, आणि सुमारे बारा वर्षांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे करतो, हे आठवले की आजही मन थक्क होते. परंतु छापील कोशाचे दुर्दैव असे की, तो पुरा झाला त्याच दिवसापासून जुना होऊ लागतो. केतकर १० एप्रिल १९३७ रोजी वारले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे पन्नास वर्षे लोटल्यावर, म्हणजे १९८८ च्या आरंभी, त्यांचे लेखन सर्वांचे झाले. आज त्यांचा कोश संगणकावर कोणासही फुकट वाचता येतो, ही मोठीच सोय होय. तथापि वाचता येणे निराळे आणि पुढे चालविता येणे निराळे. जो ज्ञानकोश शंभर वर्षांपूर्वीच्या जगापाशी थांबला, त्यास पुढच्या पिढ्यांची भर घालण्याची वाट त्यात नव्हती, आणि त्या काळी ती असणे शक्यही नव्हते. आज ती वाट आहे, परंतु तीवर चालणारी माणसे थोडी आहेत.

आता थोडे आमच्याविषयी. आम्ही ह्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहोत. शेक्सपियर आणि वर्डस्वर्थ ह्यांनी आमचे पोट भरले. मन मात्र पहिल्यापासून गुंतले ते येथील कास्तकारांच्या बोलीत. सुटीच्या दिवशी आर्वी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर ह्या बाजूंच्या खेड्यांतून हिंडावे आणि कापसाच्या शेतीतील शब्द टिपून आणावे, असा छंद जडला. त्या टिपणांच्या अकरा वह्या आमच्या कपाटात आहेत. त्यांचे करावे काय, ह्या विवंचनेतून प्रस्तुत लेख जन्मास आला आहे, हे वाचकांस सांगून टाकलेले बरे. प्रकाशकास त्यांत नफा दिसत नाही. विद्वन्मान्य म्हणविणाऱ्या एका नियतकालिकाकडून पत्र आले, त्यात आठ दिवसांत लेख छापून देण्याची हमी होती आणि खाली शुल्काचा आकडा होता. आठ दिवसांत आमच्या वह्या वाचूनसुद्धा होणार नाहीत, मग परीक्षण कसले होणार! मान्य नियतकालिकांच्या याद्या निघतात आणि रद्द होतात, बढतीसाठी गुण मोजले जातात, आणि ज्या शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द आम्ही घेतला त्याच्या गावापर्यंत ह्या साऱ्यातील एक अक्षरही पोचत नाही.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी धाम आणि वणा ह्या नद्यांच्या काठच्या देवस्थानांची माहिती उभा जन्म खर्चून जमविली होती. ते वारले. मुले परगावी, घर रिकामे करताना कागदांचे गठ्ठे वजनावर गेले. आम्हांस कळले तेव्हा त्या कागदांचे पुडेही बांधून झाले असावेत. ह्यात दोष मुलांचा नव्हे, रद्दीवाल्याचा तर नव्हेच. ज्ञान एकाच कपाटात ठेवावयाचे आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाच्या जानव्यास बांधावयाची, ह्या रीतीचा तो अटळ शेवट होय.

विकीचा आमचा अनुभव ह्या दुःखानंतरचा आहे. पदवीच्या वर्गातील काही मुलामुलींस आम्ही मराठी विकिस्रोतावर एकोणिसाव्या शतकातील एका पुस्तकाचे मुद्रितशोधन करावयास बसविले. तेथे डाव्याउजव्या बाजूंस जुन्या पानाचे चित्र आणि टंकलेला मजकूर अशी मांडणी असते. न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे, आणि दुसऱ्या कोणी पुन्हा पडताळले की हिरवे. स्वतःच पिवळे केलेले पान स्वतःच हिरवे करता येत नाही. हा साधा नियम आम्हांस फार आवडला, कारण विद्यापीठांतून ज्यास परीक्षण म्हणतात त्याचे सारे मर्म त्यात आले आहे. 'नाही' ह्या शब्दावर त्या पुस्तकात जागोजाग अनुस्वार का, असे एका मुलीने विचारले. त्या एका टिंबावरून पूर्वीचे उच्चार, व्युत्पत्ती आणि १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम इतका पल्ला आम्ही गाठला. व्याख्यानात हे सांगितले असते तर निम्मा वर्ग पेंगला असता.

दुसरा प्रयोग शब्दांचा केला. महाविद्यालयाच्या संगणकावर मीडियाविकी ही आज्ञावली बसवून घेतली. ती विनामूल्य मिळते आणि विकिपीडिया तीवरच चालतो. आमच्या पहिल्या वहीतील शब्द त्यात घालून मुलांस सांगितले की, आपापल्या घरी विचारून दुरुस्त करा. 'पऱ्हाटी' ह्या शब्दावर मोठा वाद झाला. एका मुलाने लिहिले, शेतात उभे असलेले कपाशीचे झाड म्हणजे पऱ्हाटी. दुसऱ्या तालुक्यातील मुलीने ते खोडून लिहिले, कापूस वेचून झाल्यावर उपटून चुलीसाठी आणतात त्या वाळक्या काड्या म्हणजे पऱ्हाटी. तो बदलावयाचा, ती पुन्हा बदलावयाची, असे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी चर्चापानावर त्या मुलीने आपल्या आजीचे म्हणणे उतरविले : "बाई, जिवंत हाय तवाबी पऱ्हाटीच आन् मेल्यावरबी पऱ्हाटीच." मग दोघांनी मिळून दोन्ही अर्थ, गावांच्या नावांसह, खालीवर लिहिले. म्हाइंभटाच्या 'वासना' आम्हांस त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळल्या. आमच्या वहीत एकच अर्थ होता असे नव्हे, पण त्या दोन अर्थांमागची घरे आमच्या वहीत नव्हती.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे आम्ही टाळू इच्छीत नाही. चुका होतात ही गोष्ट खरी. २००५ साली 'नेचर' ह्या शास्त्रीय साप्ताहिकाने विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार आणि ब्रिटानिकाच्या लेखात सरासरी तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या तपासणीस कडक हरकत घेतली, हेही नमूद केले पाहिजे. उचलेगिरीचा आक्षेपही खरा. २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियाचे लेख लिहवून घेण्याचा मोठा उपक्रम झाला. पुष्कळांनी इतरांचा मजकूर जशाचा तसा उतरविला, तो हुडकून काढता काढता स्वयंसेवक संपादकांची पुरेवाट झाली, आणि त्याच वर्षी उपक्रम थांबवावा लागला. पण वाचकांनी असा विचार करावा की, ही उतरवाउतरव त्या मुलांनी विकीवर आल्यावर शिकून घेतली काय? ती सवय वर्गातील निबंधांत आणि कपाटातील प्रबंधांत आधीपासून होती. तेथे ती कोणास दिसत नव्हती. उघड्यावर येताच दिसली. ताप मोजला म्हणून तापमापीस दोष देण्यासारखे हे आहे.

आमच्या मते खरा आक्षेप निराळाच आहे, आणि तो मराठीपुरता अधिक बोचक आहे. विकीचे शोधन पाहणाऱ्या डोळ्यांवर अवलंबून असते. इंग्रजीत एखाद्या पानावर शेकडो डोळे असतात. मराठीत कित्येक पानांवर एकही नसतो. म्हणून चूक राहते, लेख दोन ओळींवर थांबतो, आणि तेच बोट दाखवून आम्ही प्राध्यापक म्हणतो की, पाहा, हे भरवशाचे नाही! ज्या घरात आपण दिवा लावीत नाही, त्या घरात अंधार आहे म्हणून ओरड करण्याचा हा प्रकार होय.

इतरत्र विद्वानांनी दिवा लावला आहे. पावसाळ्यात आमच्याकडे घरोघर डेंगीची धास्ती असते. त्या रोगावरील इंग्रजी विकिपीडियाचा लेख डॉक्टरांनी सुधारत सुधारत इतका निर्दोष केला की, २०१४ साली 'ओपन मेडिसिन' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने रीतसर तज्ज्ञपरीक्षण करून तो छापला. त्याच वर्षी 'विकिजर्नल ऑफ मेडिसिन' निघाले; त्यात लेखकास शुल्क नाही, वाचकास वर्गणी नाही, आणि परीक्षकांचे अभिप्रायही सर्वांस वाचावयास मोकळे असतात. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विकिपीडिया म्हणजे विकी नव्हे. तो विकीचा एक प्रकार आहे, आणि अन्यत्र प्रसिद्ध न झालेले नवे संशोधन त्यास नियमानेच वर्ज्य आहे. आमच्या वह्या तेथे एकदम घालता येणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यांची जागा संस्थेच्या स्वतःच्या विकीवर, नावानिशी आणि परीक्षणासह. तेथे त्या टिकल्या, तर कोशकार त्यांचा आधार घेतील.

वर्धा जिल्ह्यात राहून हा विषय लिहावा आणि सेवाग्रामचे स्मरण होऊ नये, असे घडणे कठीण. गांधीजींच्या 'हिंद स्वराज्य'ची इंग्रजी आवृत्ती १९१० साली दक्षिण आफ्रिकेत निघाली, तेव्हा हक्क राखून ठेवलेले नाहीत असे त्यांनी मुखपृष्ठावरच छापले होते. पुढे त्यांनीच आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे सोपविले, आणि १ जानेवारी २००९ पासून कायद्याच्या मुदतीप्रमाणे ते लेखन सर्वांस मोकळे झाले. ह्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत असे आम्हांस वाटत नाही. शब्द सर्वांचे असावेत आणि तरीही त्यांचा कोणी विश्वस्त असावा, ह्या दोन्ही इच्छा एकाच मनात नांदू शकतात. विकीवरील मजकूर ज्या परवान्याखाली असतो त्यात ह्या दोन्ही इच्छांची तडजोड आहे : कोणीही मजकूर घ्यावा, छापावा, बदलावा, विकावासुद्धा, मात्र मूळ लिहिणाऱ्यांचा निर्देश करावा, आणि बदललेला मजकूर त्याच अटीवर पुढच्यास मोकळा ठेवावा. मालकीच्या जागी येथे विश्वस्तपणा आला आहे, आणि विश्वस्त एक नसून वाचणारा प्रत्येक जण आहे.

तरीही मन कचरते, हे कबूल केले पाहिजे. ज्या शब्दासाठी भर उन्हात चार कोस चाललो, त्याच्यापुढे उद्या कोणी अनोळखी मनुष्य येऊन भर घालील. परवा कोणी ती भर खोडील. आणि दहा वर्षांनी त्या पानावरील आमचे नाव इतिहासाच्या जंत्रीत तळाशी जाईल. पंचावन्न उलटलेल्या मनुष्यास नावाचा मोह सुटतो असे जे म्हणतात ते खरे नव्हे. उलट निवृत्ती जवळ आली की तो वाढतो. परंतु जंत्रीच्या तळाशी का होईना, तेथे ते राहते. वजनावर गेलेल्या कागदांवर आमच्या सहकाऱ्यांचे नाव ठळक अक्षरांत होते.

म्हणून आम्ही दर आठवड्यास वीस शब्द ह्या मानाने वह्या रिकाम्या करावयास घेतल्या आहेत. ज्यांनी शब्द सांगितला त्यांचे नाव त्यांच्या संमतीनेच घालतो, आणि गाव व साल मात्र चुकवीत नाही. दुसरी वही संपत आली आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील आमच्या व्यवसायबंधूंच्या कपाटांतही अशा वह्या असतील, ह्याविषयी आम्हांस संशय नाही : कोणाच्या कोष्ट्यांच्या शब्दांच्या, कोणाच्या ओव्यांच्या, कोणाच्या गावतळ्यांच्या. त्यांनी त्या कोणत्या विकीवर घालाव्या हा तपशील गौण आहे. किल्ली कपाटाबाहेर यावी, इतकीच विनंती.